वार, नाळ आणि कॅन्सरवरची लस

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किनवट-माहूरपासून देगलूर-बिलोलीपर्यंतच्या बायका बाळंतपणाला येतात. बाळ रडतं, नाळ कापतात, थोड्या वेळानं वार पडते. बाळंतपणं घरी व्हायची तेव्हा वार परसात खड्डा करून पुरली जायची. आता कुठल्याही दवाखान्यात ती नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते आणि तिच्याबरोबर नाळेत-वारेत उरलेलं रक्तही जातं. हे रक्त फार नसतं, शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर. पण त्यात रक्ताच्या मूळपेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे रक्तातली प्रत्येक तांबडी-पांढरी पेशी तयार होते त्या. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांच्या गटानं नाळेतल्या याच रक्तापासून प्रयोगशाळेत एका खास प्रकारच्या पेशी मोठ्या संख्येनं तयार करून दाखवल्या. ते शोधनिबंध 2009 आणि 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. 2015 च्या निबंधात त्यांनी पुढचा मुद्दा मांडला, की कॅन्सरवरच्या लसीसाठी या पेशी वापरता येण्यासारख्या आहेत. त्या पेशींना डेंड्रिटिक पेशी म्हणतात.

लस म्हटलं की आपल्याला गोवर, पोलिओ किंवा कोरोनाची सुई आठवते. निरोगी माणसाला आधीच टोचायची, म्हणजे रोग होऊच नये. डेंड्रिटिक पेशींची लस तशी नाही. ती कॅन्सर झालेल्या माणसालाच देतात. तिचा हेतू एवढाच, की शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींनी गाठ ओळखावी आणि तिच्यावर तुटून पडावं. उपचाराला लस का म्हणायचं, तर पद्धत लसीचीच आहे: शत्रूची ओळख करून द्यायची आणि मारण्याचं काम शरीरावर सोपवायचं.

ही ओळख करून देणं हेच डेंड्रिटिक पेशींचं आयुष्यभराचं काम. गावातल्या पोलीस पाटलाकडे बंदूक नसते, कोणाला कोठडीत टाकण्याचा अधिकार नसतो. पण गावात नवखं कोण आलं, कुणाच्या शेतात काय सापडलं, हे त्याला कळतं आणि तो ठाण्यात जाऊन वर्दी देतो. डेंड्रिटिक पेशींचं नेमकं असंच. त्या कातडीत, फुप्फुसात, आतड्याच्या अस्तरात पसरलेल्या असतात. जंतू आला, पेशी मेली, काही परकं दिसलं की ते गिळतात, आत त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या अंगावर लावून जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. तिथं टी पेशी जमलेल्या असतात, आणि खऱ्या अर्थानं मारण्याचं काम त्यांचं.

लसिका ग्रंथी हा शब्द पुस्तकी वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. पायात काटा मोडून जखम चिघळली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण येतं, हे शेतात राबणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. जखम पायाला आणि सूज जांघेत, असं का? कारण पायाच्या कातडीतल्या डेंड्रिटिक पेशी वर्दी घेऊन जांघेतल्या ग्रंथीत पोचलेल्या असतात आणि तिथं टी पेशींची संख्या झपाट्यानं वाढत असते. टी पेशींचे लाखो प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार एखाद-दुसराच तुकडा ओळखतो. डेंड्रिटिक पेशीनं आणलेला तुकडा ज्या टी पेशीला जुळतो ती एकटी पेशी काही दिवसांत हजारो होते, ग्रंथीतून बाहेर पडते आणि रक्तातून थेट जखमेकडे जाते.

या पेशी दिसल्या लवकर, कळल्या फार उशिरा. 1868 मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पॉल लांगरहान्सला सुवर्णक्षारानं रंगवलेल्या कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. पुढची शंभर वर्षं त्यांचं खरं काम कोणालाच उमगलं नाही. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या पाणथरीत अशाच फांद्यांच्या पेशी शोधल्या आणि त्यांना डेंड्रिटिक हे नाव दिलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत त्या शेकडा एकही भरत नाहीत, म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. स्टाइनमन मात्र चिकटून राहिले. 1978 मध्ये त्यांनी दाखवलं, की टी पेशींना जागं करण्यात या पेशी इतर पेशींच्या किमान शंभर पट प्रभावी आहेत.

मग कॅन्सरच्या बाबतीत हे सगळं घडत का नाही? गाठ महिनोन् महिने वाढते, तिच्या पेशी मरतात, डेंड्रिटिक पेशी ते तुकडे गिळतातही. अडचण अशी, की टी पेशीला जागं करायला नुसता तुकडा पुरत नाही. त्याच्यासोबत धोक्याची खूणही लागते. जंतूंच्या अंगावर अशा खुणा जन्मतःच असतात आणि डेंड्रिटिक पेशी त्या पटकन ओळखतात. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातून उगवलेली, तिच्यावर तशी खूण नसते. खूण नसलेला तुकडा घेऊन डेंड्रिटिक पेशी ग्रंथीत गेली, तर ती उलटाच निरोप देते: हा आपलाच आहे, त्याला हात लावू नका. त्या टी पेशी गप्प बसतात, काही मरून जातात. शरीर स्वतःवरच उलटू नये म्हणून ही सोय आहे, आणि गाठ नेमका तिचाच फायदा उठवते. शिवाय गाठीभोवतीचं वातावरण असं असतं, की जवळ आलेली डेंड्रिटिक पेशी अर्धवट वाढीची, सुस्तच राहते.

लसीमागचा विचार इथून निघाला. डेंड्रिटिक पेशी शरीराबाहेर काढायच्या किंवा बाहेर तयार करायच्या, गाठीच्या प्रभावापासून लांब, काचेच्या भांड्यात. तिथं त्यांना गाठीचे तुकडे खाऊ घालायचे, धोक्याची खूण आपण द्यायची आणि पूर्ण वाढलेल्या, सज्ज पेशी पुन्हा रुग्णाला टोचायच्या.

1994 मध्ये फेदेरिका सालुस्तो आणि अँतोनियो लान्झावेकिया यांनी हे व्यवहारात शक्य केलं. डेंड्रिटिक पेशी रक्तात मिळतात त्या मूठभरही नाहीत, पण मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर मिळतात. त्यांना जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-4 या दोन प्रथिनांत आठवडाभर ठेवलं की त्या डेंड्रिटिक पेशी बनतात. आज बहुतेक ठिकाणी हीच रीत वापरतात. प्लेटलेट काढायला रक्तपेढीत जसं यंत्र असतं तशाच यंत्रावर रुग्णाला दोन-तीन तास बसवून पांढऱ्या पेशी काढतात आणि बाकीचं रक्त परत देतात. पाच-सात दिवसांत पेशी रूप बदलतात. मग ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा कुटून केलेला अर्क, किंवा गाठीतल्या नेमक्या प्रथिनाचा तुकडा, किंवा त्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याची कृती, त्यांना देतात. शेवटी दाह वाढवणारी काही रसायनं घालून पेशी पक्व करतात. त्या कातडीत किंवा ग्रंथीजवळ टोचतात. त्रास सहसा ताप, थंडी, टोचल्या जागी लाली एवढाच होतो. केमो घेतलेल्या माणसाला तो काहीच वाटत नाही.

यातली प्रत्येक पायरी नाजूक आहे. पेशी पुरेशा पक्व झाल्या नाहीत तर त्या पुन्हा शांत राहण्याचाच निरोप देतात आणि लस उलटते. कातडीत टोचलेल्या पेशींपैकी अगदी थोड्या, शेकडा पाचाच्याही आत, प्रत्यक्ष ग्रंथीपर्यंत पोचतात. आणि ज्या रुग्णाच्या रक्तातून पेशी घ्यायच्या तो तर आधीच आजारी. त्याची केमो झालेली असते, पांढऱ्या पेशी कमी असतात, ज्या असतात त्याही अनेकदा दुबळ्या.

पुण्याच्या कामाचं महत्त्व मला इथं दिसतं. रुग्णाच्या थकलेल्या रक्ताऐवजी नाळेतलं ताजं रक्त घेतलं तर? त्यात मूळपेशी थोड्याच असतात, म्हणून या गटानं दोन टप्प्यांची रीत बसवली. आधी मूळपेशींची संख्या वाढवायची आणि मग त्यांना डेंड्रिटिक पेशी व्हायला लावायचं. एका नाळेतून अनेक वेळा पुरतील इतक्या पेशी मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली. गोठवून ठेवल्या तर गरजेला काढताही येतील. पुढे अडचण आहेच. परक्या बाळाच्या पेशी रुग्णाशी एचएलएच्या, म्हणजे पेशीवरच्या ओळखीच्या प्रथिनांच्या, बाबतीत काही प्रमाणात तरी जुळायला हव्यात, नाहीतर त्यांनी दाखवलेला तुकडा रुग्णाच्या टी पेशींना वाचताच येणार नाही, शिवाय शरीर त्यांनाच परकं ठरवून मारेल. ज्या रक्तपेढीत वेगवेगळ्या एचएलएच्या हजारो नाळांचं रक्त साठवलेलं असेल तिथंच जुळणी सापडेल. हे सगळं काम अजून प्रयोगशाळेतलं आहे, रुग्णाला टोचण्याचं नाही. तरीही मराठी मुलखात, गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात, ही रीत हाताखालून गेलेली आहे, हे नांदेड-लातूरच्या जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. विष्णुपुरीतच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, तिथं जीवशास्त्राचं संकुल आहे. ही कामं कोणा परदेशी माणसाचीच असतात असा समज तिथं तरी राहू नये.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या कामाची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात 1917 मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन केलं आणि पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी कॅन्सरपेशींची कायम जिवंत राहणारी पहिली जात, हेला, 1951 मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढली ते हेच गाय. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जगवायची म्हणजे तापमान, खाद्य, वायू, निर्जंतुकपणा या सगळ्यांत कुठंही चूक चालत नाही. ही शिस्त नसती तर डेंड्रिटिक पेशींची लस ही कल्पनाच उरली असती.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: या लसीनं माणसं वाचतात का?

अमेरिकेत 29 एप्रिल 2010 रोजी सिपुल्यूसेल-टी या लसीला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेली, कॅन्सरवर उपचार म्हणून द्यायची ती तिथली पहिली लस. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा. 512 रुग्णांच्या चाचणीत लस घेतलेले निम्मे रुग्ण 25.8 महिन्यांच्या पुढे जगले. न घेतलेल्यांत हा आकडा 21.7 महिने होता. फरक चार महिन्यांचा. गाठ लहान झाली असं बहुतेकांत दिसलं नाही, रोग पुढे सरकण्याचा वेगही बदलला नाही, तरी आयुष्य थोडं लांबलं. तीन डोसांची किंमत तेव्हा 93,000 डॉलर होती. बनवणाऱ्या डेंड्रिऑन कंपनीनं 2014 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या जहाल गाठीवरच्या लसीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. चाचणीत 331 रुग्ण होते. नव्यानं निदान झालेल्यांत लसीनंतरचं मध्यम आयुष्य 19.3 महिने, तुलनेच्या गटात 16.5. पाच वर्षं जगलेले लस गटात शेकडा 13, तुलनेत शेकडा 5.7. शेवटचा आकडा उत्साह देणारा आहे. पण तुलनेचा गट त्याच चाचणीतला नव्हता, दुसऱ्या चाचण्यांतून घेतलेला होता, म्हणून तज्ज्ञांमध्ये वाद आहे, आणि तो वाद रास्त आहे. मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी 2017 मध्ये फायदा न दिसल्यानं थांबली. प्रोस्टेटवर हजाराहून जास्त रुग्णांची दुसरी चाचणी झाली, तिच्यातही फरक आढळला नाही.

स्टाइनमन यांना स्वतःला 2007 मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. पसरलेला, म्हणजे सहसा वर्षभराच्या आत संपवणारा. त्यांच्या गाठीपासून निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या सहकाऱ्यांनी डेंड्रिटिक पेशींच्या लसी बनवल्या, त्यांनी त्या घेतल्या, ऑपरेशन आणि केमोही घेतली. साडेचार वर्षं ते जगले. 30 सप्टेंबर 2011 रोजी ते गेले आणि तीन दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं. समितीला त्यांच्या मृत्यूची कल्पना नव्हती. पारितोषिक कायम ठेवलं. ही हकीकत ऐकवून कोणी लस विकायला आलं तर मात्र सावध व्हावं. एका माणसावरून, त्यानं एकाच वेळी घेतलेल्या अनेक उपचारांतून, कशाचा गुण आला हे कोणीही सांगू शकत नाही. स्टाइनमन स्वतः शास्त्रज्ञ होते, त्यांनाही ते ठाऊक होतं.

सावध राहायला सांगण्याचं कारण आहे. भारतात 2017 मध्ये गुरुग्रामच्या एपीएसी बायोटेक कंपनीच्या डेंड्रिटिक पेशींच्या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. त्यामुळे हे उपचार देशात मिळतात, आणि इम्युनोथेरपी या एकाच नावाखाली परवानगीचे, बिनपरवानगीचे, सिद्ध झालेले आणि न झालेले असे अनेक प्रकार कानावर येतात. आपल्याकडे माणसाला चौथ्या स्टेजचा कॅन्सर निघाला की घरातली माणसं हैदराबाद गाठतात, देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटाला जातात, आणि शेवटी एक एकर विकायला काढतात. अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. माझ्या माणसाच्या नेमक्या कॅन्सरसाठी या उपचाराला परवानगी आहे का? नसेल तर ही चाचणी आहे का, आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तिचा क्रमांक काय? तो इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. आणि यातून किती महिने मिळण्याची आशा आहे, कोणत्या अभ्यासावरून? चाचणीच्या नावाखाली रुग्णाकडून लाखो रुपये मागितले जात असतील तर तिथून उठावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो आणि शेक बसतात. ते अर्धवट सोडून लसीमागे जाणं हे मला कुठल्याही अंगानं पटत नाही.

रुग्णाच्या पेशी काढून, बाहेर घडवून परत द्यायचं हे तंत्र महाराष्ट्रात शक्य आहे, हे दुसऱ्या एका उपचारानं सिद्ध झालं. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटानं आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून नेक्सकार-19 हा कार-टी पेशींचा उपचार तयार केला. त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, किंमत परदेशातल्या सुमारे एक दशांश. त्यात टी पेशींनाच बदलतात, शिकवणाऱ्या पेशींना नाही, आणि तो काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरपुरता आहे. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या गाठींवर अजून तसं काही नाही.

मराठवाड्यात मात्र याच गाठी जास्त दिसतात. तंबाखू-चुना आणि गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर, आणि बायकांत गर्भाशयमुखाचा. दुसऱ्याच्या बाबतीत तर जगाला वाट दाखवणारं काम याच भागात झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर अभ्यास केला. आयुष्यात एकदाच, या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले, तपासणी न केलेल्या गटात 64. निष्कर्ष 2009 मध्ये छापले गेले. 2023 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची देशी लस बाजारात आली. ती रोग होण्याआधीची, मुलींना द्यायची. तिच्यापुढे डेंड्रिटिक पेशींची लस आज खर्चिक आणि अशक्त दिसते, हे मान्य करायला हवं. पण ज्या बाईला रोग झालाच आहे तिला सर्वाव्हॅकचा उपयोग नाही. तिच्यासाठीच हे संशोधन चालू राहायला हवं.

यापुढची दिशा बहुतेक शास्त्रज्ञांना दोन ठिकाणी दिसते. एक, लस एकटी न देता टी पेशींवरचे ब्रेक काढणाऱ्या औषधांसोबत द्यायची. दुसरी, पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. गाठीच्या प्रथिनाचा आरएनए टोचायचा आणि शरीरातल्या डेंड्रिटिक पेशींनाच तो उचलू द्यायचा. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं 2022 मध्ये देशातली पहिली एमआरएनए कोरोना लस बनवली. ती साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते, म्हणजे हे तंत्रही आता आपल्या हाताबाहेरचं नाही.

दोन्ही वाटांना अनेकदा एक गोष्ट लागते: रुग्णाची स्वतःची गाठ, ताजी. आपल्याकडे ऑपरेशन झालं की गाठ सहसा सगळी फॉर्मेलिनमध्ये टाकून तपासायला पाठवतात. निदानाला तेच योग्य. पण फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातल्या पेशी मेलेल्या असतात, प्रथिनं एकमेकांना चिकटून गोठलेली असतात, आरएनए मोडलेला असतो. त्यापासून अर्काची लस करता येत नाही. ऑपरेशन थिएटरमधून एक तुकडा तासाभरात उणे 80 अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवला तरच तो पुढे कामाला येतो. त्यासाठी रुग्णाची लेखी संमती, फ्रीझर, न जाणारी वीज आणि नोंद ठेवणारा एक माणूस लागतो. वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठ एकाच विष्णुपुरीत आहेत. सुरुवात करायला एवढं जवळ असणं पुरेसं आहे.